गरुडांची टॅली

रघुनाथराव हळब्यांना पक्ष्यांतलं काही म्हणता काही कळत नव्हतं, आणि त्याची त्यांना तिळमात्र लाज नव्हती. कावळा, चिमणी, घार, कबुतर. संपलं. पाचव्या पक्ष्याचं नाव विचारलं की म्हणायचे, "उडतो ना? मग पक्षीच असणार." जन्म कोलकात्यातला, सगळं आयुष्य तिथल्याच हाजरा भागातल्या घरात गेलेलं, आणि त्यातली छत्तीस वर्षं खिदिरपूरच्या गोदीत टॅलीच्या कामात. टॅली म्हणजे मोजणी. जहाजातून उतरणारा माल धक्क्यावर उभं राहून मोजायचा. चार उभ्या रेघा, त्यांवर एक आडवी, झाले पाच. पोती असोत, पेट्या असोत, यंत्रांचे सुटे भाग असोत, रघुनाथरावांना त्यात काय भरलंय याच्याशी देणंघेणं नसे. किती आहेत तेवढं बोला.

अशा माणसाला ऐन दिवाळीत दार्जिलिंगच्या डोंगरात गरुड मोजायला कोण घेऊन जाईल, सांगा. पण नेलं. नेलं सुनेनं, आणि पाठवलं बायकोनं.

सून वृषाली. साताऱ्याची, लग्न होऊन कोलकात्यात आली त्याला बारा वर्षं झाली. शाळेत जीवशास्त्र शिकवते. पूजेच्या लांबलचक सुट्टीत बाकीच्या शिक्षिका साड्या आणि मंडप बघत फिरतात, ही पाठीवर पिशवी टाकून डोंगरात पळते. तीन वर्षांपूर्वी तिला चिमलेधुरा नावाची एक धार सापडली. धार म्हणजे डोंगराचा लांब कणा, वरती दहा-बारा घरं आणि वेलचीचे मळे. तिथं उभं राहिलं की कार्तिकात डोक्यावरून गरुड जातात. स्टेपी गरुड. लांब मंगोलियाकडून निघतात, हिमालयाच्या अंगाअंगानं पूर्वेकडून पश्चिमेला सरकत सरकत थंडी काढायला जातात. गेल्या वर्षी तिनं दहा दिवसांत तीन हजार नऊशे चाळीस मोजले आणि आकडा पुण्याच्या डॉक्टर अजेय दामल्यांना कळवला.

हे दामले म्हणजे या विषयातले मोठे जाणकार. हिमालयात कुठं कुठं दरवर्षी गरुडांची मोजणी व्हावी, त्या ठिकाणांची यादी त्यांच्या हातात. यादीत नाव आलं की दरवर्षी माणसं येणार, दुर्बिणी येणार, नोंद कायमची राहणार. नाही आलं तर वृषालीच्या तीन दिवाळ्या पाण्यात. शिवाय कोलकात्यातले काही पक्षीवाले आधीच "बाईंचे गरुड" म्हणून खुसखुसत होतेच, त्यांना आयतं कोलीत मिळालं असतं. दामल्यांनी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. "यंदा मी स्वतः येऊन बघतो," एवढंच कळवलं होतं.

दरवर्षी तिच्याबरोबर पराग जायचा, म्हणजे रघुनाथरावांचा मुलगा. ती दुर्बिणीतून बघून आकडा सांगे, तो लिहून घेई. यंदा नेमकी त्याची रजा रद्द झाली. घरात सगळे हिरमुसून बसले होते, तेवढ्यात स्वयंपाकघरातून नलिनीबाईंचा आवाज आला.

"अहो, तुम्ही जा की तिच्याबरोबर."

"मी? मला काय कळतं त्यातलं?"

"मोजता येतं ना? दिवसभर इथं बसून माझ्या चकल्या मोजता, त्यापेक्षा गरुड मोजा. तेवढाच माझ्या जिवाला आराम."

सियालदहला गाडीत बसेपर्यंत रघुनाथराव कुरकुरत होते. मोजे किती घेतले, कानटोपी कुठंय, तिकडे भात मिळतो का. वृषाली हसून म्हणाली, "सगळं मिळतं, बाबा. फक्त आकडा चुकवू नका." हे सत्तरीच्या टॅलीवाल्याला सांगतेय! रघुनाथरावांनी तिच्याकडे असं बघितलं की तिनं लगेच जीभ चावली.

चिमलेधुऱ्याला त्यांचा मुक्काम सुकमाया राई नावाच्या बाईकडे होता. तिच्या घराच्या वर दहा मिनिटं चढलं की मोकळं गवत, आणि समोर सगळी दरी. तिसरा गडी अनीश, बँकेतला अधिकारी, दोन वर्षांपूर्वी नागपूरहून बदली होऊन कोलकात्यात आलेला. वृषालीच्या नादानं दुर्बीण घेतली आणि आता बायको माहेरी गेली की हा डोंगरात. स्वभावानं सरळ आणि जरा बडबड्या.

पहिल्या दिवशी कामाला सुरुवात झाली. रघुनाथराव मांडीवर पाटी आणि त्यावर कागद घेऊन बसले. वृषाली डोळ्यांना दुर्बीण लावून ओरडायची, "सात!" हे सात रेघा ओढायचे. "अकरा! ... आणखी सहा!" असं चाललं. सुरुवातीला रघुनाथरावांनी वर बघायचीही तसदी घेतली नाही. पण जेवणानंतर त्यांची सवय उसळी मारून वर आली, आणि ते बघायला लागले. बघतात तर काय, हे गरुड पंखच हलवत नव्हते. उन्हानं तापलेली हवा जिथं वर चढते तिथं यायचे, पंख पसरून गोल गोल फिरत वर वर जायचे. अनीश त्याला भोवरा म्हणत होता. पुरेशी उंची मिळाली की एकेक जण भोवऱ्यातून सुटायचा आणि पश्चिमेकडे सरळ घसरत जायचा. आता, वृषालीनं "सात" म्हटलं ते भोवऱ्यात फिरणारे सात. मग ढग आडवा आला. ढग गेल्यावर तिनं "सहा" म्हटलं, तेही भोवऱ्यातलेच. मग सुटून जाताना "पाच". रघुनाथरावांची पेन्सिल अडखळायला लागली. संध्याकाळी बेरीज झाली दोनशे चौदा.

जेवताना त्यांना राहवलं नाही.

"वृषाली, एक विचारू? ते सहा मघाचेच सात तर नव्हते?"

"बाबा, मी तीन वर्षं मोजतेय."

"हो गं. पण मी छत्तीस."

अनीश भाताकडे बघत बसला. आता एवढं बोललोच आहोत तर पुरतं बोलून टाकू, असं म्हणून रघुनाथरावांनी गोदीचा नियम सांगितला. क्रेनला लटकलेला माल मोजायचा नाही. हवेत आहे तोवर तो कुणाचाच नाही. जहाजाचा कठडा ओलांडून धक्क्यावर टेकला की मग एक. आणि मोजणारे नेहमी दोन, एक जहाजाचा, एक गोदीचा. एकानं दुसऱ्याच्या कागदात डोकवायचं नाही. पाळी संपली की दोन्ही कागद शेजारी ठेवायचे. जुळलं तेवढं खरं. न जुळलेलं धरायचं नाही, मग साक्षात कॅप्टन येऊन शपथ घेऊ दे.

वृषाली ताट अर्धं टाकून उठली. आपण नको तिथं नाक खुपसलं असं रघुनाथरावांना वाटलं. नलिनी इथं असती तर टेबलाखालून पाय दाबला असता. पण नलिनी नव्हती, आणि टेबलही नव्हतं.

सकाळी ते चहा घेऊन बाहेर आले तर वृषाली अंगणात उभी. हातात दोन पाट्या.

"रेघ कुठं आखायची, बाबा?"

रघुनाथरावांनी तिच्याकडे बघितलं. डोळे सुजलेले होते, पण आवाज सरळ होता. गोदीत त्यांनी कितीतरी साहेबांना चूक दाखवली होती. त्यातला एकही दुसऱ्या दिवशी सकाळी पाटी घेऊन आला नव्हता. पोरीबद्दल त्यांना इतकं कौतुक वाटलं की ते घाईघाईनं चहाच पीत राहिले.

रेघ ठरली. उजवीकडे धुपीचं एक उंचच उंच झाड होतं, आणि समोरच्या डोंगरावर मोबाइलचा मनोरा. झाडाच्या शेंड्यापासून मनोऱ्याच्या टोकापर्यंत आकाशात एक सरळ रेघ समजायची. तो आपला कठडा. गरुड रेघेच्या पूर्वेला हव्या तेवढ्या गिरक्या घेवो, तो लटकलेला माल. रेघ ओलांडून पश्चिमेला गेला की एक. आणि ओलांडून परत फिरला तर एक वजा. दर पंधरा मिनिटांची एक ओळ, ओळीच्या शेवटी शेऱ्याचा रकाना. गोदीच्या कागदावर असायचा तसाच. तिथं रघुनाथरावांनी छत्तीस वर्षांत एकाच तऱ्हेचे शेरे लिहिले होते. पाऊस, काम बंद. क्रेन नादुरुस्त, काम बंद.

वृषाली आणि ते एकमेकांपासून वीस पावलांवर, दुसऱ्याचा कागद दिसणार नाही असे बसले. अनीशला मुद्दाम जुन्याच पद्धतीनं मोजायला सांगितलं, फरक कळावा म्हणून. संध्याकाळी तिन्ही कागद सुकमायाच्या ओट्यावर मांडले. अनीशचे एकशे शहाऐंशी. वृषालीचे एक्याण्णव. रघुनाथरावांचे एक्याण्णव.

कागद जुळले की रघुनाथरावांना जन्मभर बरं वाटत आलं होतं. त्या दिवशी पहिल्यांदाच वाईट वाटलं. निम्मे. म्हणजे गेल्या वर्षीचे तीन हजार नऊशे चाळीस खरे किती असतील, हे कुणाला बोटांवर मोजून दाखवायची गरज नव्हती.

"वृषालीताई," अनीश हळूच म्हणाला, "उद्या सकाळी दामले सर येताहेत. एवढं वर्ष जुन्या पद्धतीनंच होऊ दे ना. यादीत नाव तर लागू दे. पुढच्या वर्षी पद्धत बदलली म्हणून सांगू, आकडा आपोआप खाली येईल. कुणाला काय कळणार आहे?"

तो काही लबाडीनं बोलत नव्हता, तिच्याच भल्यासाठी बोलत होता. रघुनाथरावांनाही क्षणभर वाटलं, खरंच, काय बिघडतं? कुणाच्या घरचं जाणार आहे? वृषाली कप विसळत होती. विसळून झाला तरी विसळतच होती.

"नाही," ती म्हणाली. "उद्या आले की आधी तेच सांगते."

आणि सांगितलं. दामले सकाळी नऊला जीपमधून उतरले. उंच, पांढऱ्या दाढीचा, कमी बोलणारा माणूस. सुकमाया चहा घेऊन येत होती, तेवढाही वेळ वृषालीनं घेतला नाही. "सर, मी पाठवलेला गेल्या वर्षीचा आकडा चुकीचा आहे. एकच पक्षी मी दोनदोनदा मोजलाय. त्याआधीच्या दोन वर्षांचाही तसाच. तिन्ही खोडून टाका. आमच्या बाबांनी चूक दाखवली." दामल्यांनी एकदा तिच्याकडे, एकदा रघुनाथरावांकडे बघितलं. "बरं," म्हणाले. "आजचं बघू." त्या "बरं"मधून काही म्हणजे काही कळेना. रघुनाथरावांना त्यांचा भयंकर राग आला. अरे, पोरगी एवढं सांगतेय, जरा तोंड उघड की!

दिवस कसला कुंद होता. ढग धारेवर येऊन बसले ते उठायला तयार नाहीत. साडेअकरापर्यंत वीस-बावीस गरुड गेले असतील. दामले मागं एका दगडावर बसून होते. वृषाली ताठ बसली होती, पेन्सिल कागदाला टेकवून. सगळी परीक्षा आज, आणि आजच आकाशानं दार लावून घेतलं होतं.

पावणेबाराला ढग फाटला.

फाटला म्हणजे कसा, एकदम. पूर्वेकडची सगळी दरी उन्हात निघाली आणि समोर उत्तरेला कांचनजंगा उघडी पडली. रघुनाथरावांनी नवी ओळ सुरू केली. धुपीच्या पलीकडून तीन गरुड आले, रेघ ओलांडून गेले. तीन रेघा ओढल्या. मागून आणखी चार. त्यातल्या चौथ्याची रेघ ओढताना त्यांनी वर बघितलं.

त्यानंतर त्यांना जे भान आलं, ते पाटी गवतात पडलेली, पेन्सिल सुकमायाच्या कुत्र्याच्या पंजाजवळ, आणि मान भयंकर दुखतेय. घड्याळात बारा वाजून एक मिनिट झालं होतं.

त्यांनी पाटी उचलली, पुढची ओळ सुरू केली आणि मग तीन वाजेपर्यंत मान वाकडी न करता मोजत राहिले. पण मन ठिकाणावर नव्हतं. पावणेबारा ते बारा. अख्खी ओळ गेली होती. जेमतेम सात रेघा, त्यातली शेवटची अर्धवट.

संध्याकाळी दामले आणि अनीश खाली जीपमधून सामान काढायला गेले होते. रघुनाथराव एकटेच ओट्यावर कागद घेऊन बसले. ती ओळ त्यांच्याकडे बघत होती, दुसरं कुणी बघत नव्हतं. वृषालीचा कागद शेजारीच उपडा ठेवलेला. उलटून बघायला कितीसा वेळ? तिचा आकडा बघायचा, त्यात एक-दोन इकडेतिकडे करून आपल्या ओळीत लिहायचा. गोदीत असली टॅली करणारे असायचे, कॅन्टीनमध्ये बसून पाळीभराच्या रेघा ओढणारे. दोघांना तर रघुनाथरावांनीच रंगेहाथ पकडून वर कळवलं होतं. पण ते दोघं स्वतःच्या आळसापायी करत होते. हे पोरीसाठी होतं. तिची काय चूक? तिनं सगळं नीट केलं, आणि ऐन वेळी हा म्हातारा आ वासून बसला. त्यांनी पेन्सिल उचलली. सत्तर वर्षांत स्वतःची इतकी चीड त्यांना कधी आली नव्हती.

मग त्यांनी त्या सात रेघांवरूनही एक आडवी रेघ मारली आणि शेऱ्याच्या रकान्यात आपल्या वळणदार गोदी अक्षरात लिहिलं, "११.४५ ते १२. मोजणी नाही. बघत राहिलो."

सगळे आल्यावर कागद शेजारी ठेवले. एकेक ओळ जुळत गेली. नऊला नऊ, सतराला सतरा. एका ओळीत वृषालीचे एकतीस, यांचे तीस, एक परत फिरलेला तिनं वजा केला नव्हता, तो तिनं आठवून वजा केला. मग ती ओळ आली. वृषालीच्या कागदावर तीनशे एकतीस. रघुनाथरावांच्या कागदावर तो शेरा.

तीनशे एकतीस! बाकी सगळा दिवस मिळून दोनशे सदतीस, आणि त्या पंधरा मिनिटांत तीनशे एकतीस.

वृषालीनं शेरा वाचला. पुन्हा वाचला. रघुनाथरावांना वाटलं आता ती ओरडेल, आणि तिनं ओरडावं असंही वाटलं. तिनं पेन्सिल घेतली आणि आपल्या तीनशे एकतीसवर शांतपणे काट मारली.

"अहो, असं काय करता!" अनीश कळवळून म्हणाला. "गेले ना गरुड! आपण सगळ्यांनी बघितले!"

"जुळलं तेवढंच धरायचं," ती म्हणाली. "नियम आहे."

"वृषाली," दामले पहिल्यांदाच मोकळ्या आवाजात बोलले, "ते पक्षी गेलेत. मी साक्षीदार आहे."

"तुम्ही मोजलेत का, सर?"

दामल्यांनी दाढी खाजवली. मग म्हणाले, "नाही. मीपण बघतच राहिलो."

अनीशनं मोबाइलवर चित्रण केलं होतं, पण त्यात निम्मा वेळ त्याचा स्वतःचा अंगठा आणि "अरे बाप रे, अरे बाप रे" एवढंच होतं. म्हणजे चार माणसांतल्या तिघांनी तोंडात बोटं घातली होती आणि एकटी वृषाली मोजत होती. ज्या बाईनं ही जागा शोधली, तीन वर्षं जिच्या डोक्यात दुसरं काही नव्हतं, तिनं त्या पंधरा मिनिटांत रेघेवरची नजर ढळू दिली नाही. आणि तेच तीनशे एकतीस तिनं आता स्वतःच्या हातानं खोडले होते. रघुनाथरावांना भडभडून आलं. कुणाला दिसू नये म्हणून त्यांनी चष्मा पुसायला घेतला.

दामल्यांनी दोन्ही कागद उचलले. "गेल्या वर्षी तुमचा आकडा वाचला तेव्हाच मला खटकला होता," ते म्हणाले. "इथून पुढं पश्चिमेला आमची माणसं मोजतात, त्यांच्याकडे एवढे पोचतच नाहीत. खरं सांगू? ही जागा खोडायच्या तयारीनंच मी आलो होतो." मग शेऱ्यावर बोट ठेवलं. "पंचवीस वर्षं मी मोजणीचे कागद बघतोय. झोप लागली म्हणून, चहा प्यायला गेलो म्हणून ओळ रिकामी राहते, आणि लोक ती मागाहून अंदाजानं भरतात. 'बघत राहिलो' असं लिहिलेलं पहिल्यांदा बघतोय. दोनशे सदतीस धरले. चिमलेधुरा यादीत घातलं. हे दोन्ही कागद मला द्या, बाकीच्यांना शिकवायला उपयोगी पडतील."

अनीशनं टाळी वाजवली. सुकमायाला काहीच कळलं नव्हतं, तरी तिनंही वाजवली. वृषाली हसली, पण लवकर झोपायला गेली. दमली असेल, असं सगळे म्हणाले.

उरलेले दिवस मोजणीत गेले. मोठा दिवस पुन्हा काही आला नाही. वृषाली नेहमीसारखी बोलत होती, थट्टा करत होती, पण त्या पंधरा मिनिटांचा विषय तिनं काढला नाही. रघुनाथरावांची काढायची छाती नव्हती.

परतीच्या गाडीत दोघं समोरासमोर खिडकीशी होते. बराकपूर आलं तेव्हा लख्ख उजाडलं होतं. फलाटावर कामाला निघालेल्या माणसांची ही गर्दी, लोकलची वाट बघणारी. आता अर्ध्या तासात सियालदह, मग टॅक्सी, मग घर, आणि नलिनीबाईंच्या चौकशा. वृषाली बाहेर बघत होती. वर आकाशात घारी फिरत होत्या, त्यांच्याकडे.

"बाबा," ती एकदम म्हणाली, "कसं होतं हो ते?"

"काय?"

"पावणेबारा ते बारा. मी रेघच बघत होते. पंख आले की रेघ, पंख आले की रेघ. मला काही दिसलंच नाही."

तिच्या डोळ्यांत पाणी होतं. आकड्यासाठी ती रडली नव्हती, खोडताना रडली नव्हती. रघुनाथरावांना तेव्हा कुठं कळलं, की या पोरीचं खरं काय गेलं होतं ते.

आता या माणसाला जन्मात कधी वर्णन करून सांगता आलं नव्हतं. लग्नाला कोण कोण आलं होतं विचारलं तर म्हणायचे, "दोनशे दहा पानं उठली." पण ते सावरून बसले. चष्मा काढून हातात घेतला.

"ऐक," ते म्हणाले. "आधी तीन आले, ते तू मोजलेस. मग चार. त्यातला चौथा इतका खालून गेला, की त्याच्या पंखाखालचा पांढरा पट्टा मला चष्म्याशिवाय दिसला. लहान वयाचा होता का गं तो?"

"हो. पिल्लांना असतो तो पट्टा. पहिलाच प्रवास असतो त्यांचा."

"असं होय. त्यानं मान वळवून खाली बघितलं. माझ्याकडेच बघितलं म्हण ना! आणि मी वर बघितलं, तर सगळी दरी भरलेली. खालपासून वरपर्यंत, एकावर एक, एकावर एक, फिरताहेत. आवाज म्हणून नाही. सुकमायाचं कुत्रं भुंकायचं थांबलं. आणि मागं बर्फाचा तो डोंगर, एवढा पांढरा, की त्याच्यासमोरून जाताना एकेकाच्या पंखाची बोटं सुटी दिसत होती. हाताची पाच बोटं दिसतात तशी. मग वरचे सुटायला लागले. एक सुटला की त्याच्यामागं दुसरा, त्याच्यामागं तिसरा, बरोबर तेवढंच अंतर ठेवून. कुणी ढकलत नाही, कुणी घाई करत नाही. छत्तीस वर्षं मी क्रेनला लटकलेला माल बघितला, वृषाली. हवेत असलेली वस्तू इतकी सुखात असते हे मला माहीत नव्हतं."

गाडी हलली. वृषालीनं खिडकीला डोकं टेकलं आणि डोळे मिटले.

"थांबू नका," ती म्हणाली.

ते थांबले नाहीत. कुठला गरुड कुठून आला, कोण मागं राहिला, कोण दोनदा घिरटी घालून मग गेला, सगळं एकेक करून सांगत होते. मध्ये म्हणालेही, "पुढच्या वर्षी नलिनीला नेऊ. मी आणि ती मोजू. तू पाटी घ्यायची नाहीस, आधीच सांगून ठेवतो." सियालदह आलं. लोक उठले, पिशव्या खांद्यांना घासून गेल्या, हमाल आत शिरले, डबा रिकामा झाला. उतरायचं नाही का, म्हणून एकानं विचारलंही, "दादा, नामबेन ना?" रघुनाथरावांनी त्याला हातानंच थांबायची खूण केली. अजून बरेच गरुड जायचे होते.